ओनुफ्रीकाकांचा मुका जनरेटर

"अरे, मर ना आता!" वासिलिना वैतागून ओरडली. "किती वेळ उड्या मारणार आहेस?"

"मरतो गं, मरतो! एवढी काय घाई?" असं म्हणून बकरीनं शेवटची एक गिरकी घेतली आणि स्वयंपाकघराच्या मधोमध ती धाडकन आडवी झाली.

ही बकरी म्हणजे अंगणापलीकडच्या घरात राहणारा दहा वर्षांचा यारेमा. अंगात आजोबांची लोकरीची बंडी उलटी घातलेली, डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं. नाताळच्या सुट्टीतल्या खेळाची तालीम जोरात चालली होती. बकरी नाचते, नाचता नाचता मरून पडते, मग डॉक्टर येऊन तिला उठवतो, आणि खूश झालेले लोक मुलांच्या झोळीत खाऊ टाकतात. डॉक्टर झाला होता उस्तिम. वासिलिनाचा हा तेरा वर्षांचा मामेभाऊ सुट्टीपुरता खारकीवहून त्यांच्या डोंगराकडच्या गावी आला होता. आणि बारा वर्षांची वासिलिना काठीवरचा मोठा कागदी तारा सांभाळत सगळ्यांवर डाफरायचं काम करत होती.

"डॉक्टरसाहेब, तपासा!"

उस्तिमनं बकरीच्या कपाळाला कान लावला. "नाडी लागत नाही. आत मेंदूही दिसत नाही. अर्थात तो आधीही नव्हताच!"

"ए!" मेलेली बकरी म्हणाली.

तेवढ्यात दिवे गेले.

"आज वेळेवर गेले!" उस्तिम म्हणाला. युद्धात वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रं पडायला लागल्यापासून वीज ठरलेल्या वेळापत्रकानं यायची आणि जायची, आणि ते वेळापत्रकही कधीकधी स्वतःच्या मनानं वागायचं. पण आता त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. थोड्याच वेळात दिवे परत लागले. जनरेटर सुरू झाला होता!

या जनरेटरवरून शरद ऋतूत केवढं रामायण झालं होतं! दुमजली घर, चार बिऱ्हाडं आणि प्रत्येकाचं मत वेगळं. वरच्या मजल्यावरच्या पारास्का आजींना इस्त्री चालली पाहिजे होती. समोरच्या बिऱ्हाडातले ओनुफ्रीकाका म्हणाले, "घ्यायचा तर सगळ्यात मोठा! गावानं बघत राहावं असा!" घराचे सगळे कारभार तेच बघत. शेवटी वासिलिना घरोघर फिरली. पाणी तापवणाऱ्या बॉयलरचा पंप, फ्रिज, दिवे, फोन, सगळ्यांच्या मागच्या पट्ट्या वाचून तिनं वॅटची बेरीज केली. सुरू होताना पंप आणि फ्रिज क्षणभर जास्त ओढतात, तेही धरलं. मग मधल्या आकाराचा, पेट्रोलवर चालणारा जनरेटर आला. पहिल्याच दिवशी आजींनी गुपचूप इस्त्री लावली आणि सगळं घर अंधारात गेलं, तेव्हा कुठे वासिलिनाचा हिशोब सगळ्यांना पटला!

ओनुफ्रीकाकांनी माहितीपुस्तिका अंगणात उभं राहून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली होती. जनरेटर घराबाहेर ठेवा. खिडक्यांपासून लांब ठेवा. धुराचं तोंड घराकडे करू नका. मग स्वतः ढांगा टाकत जागा मोजून त्यांनी तो अंगणाच्या पार टोकाला, लाकडांच्या खोपटात बसवला. तिथून तो असा गरजायचा की गल्लीतली कुत्री त्याच्याबरोबर सूर धरायची.

पण गेल्या आठवड्यापासून जनरेटर मुका झाला होता. दिवे लागायचे, आवाज मात्र नाही!

"मी एक शोध लावलाय," ओनुफ्रीकाका मिशीला पीळ देत सांगायचे. "आवाज गिळणारं यंत्र! कसं ते विचारायचं नाही. गुपित आहे!"

"जमीन गुरगुरतेय," मेलेली बकरी अचानक म्हणाली. यारेमाचा कान फरशीला टेकलेला होता. "खरंच! मांडीवर बसलेल्या मांजरासारखी गुरगुरतेय."

"मेलेल्यांनी बोलायचं नसतं," उस्तिम म्हणाला. पण त्यानं एका हातानं कपाळ दाबून धरलं होतं. "वासिलिना, थांबूया का गं? डोकं ठणकतंय."

वासिलिनाचंही डोकं ठणकत होतं. कालही असंच झालं होतं, परवाही.

आतल्या खोलीतून तिची आई, हालिना, मार्कोला खांद्यावर घेऊन आली. वासिलिनाचा हा भाऊ अवघा पाच महिन्यांचा. बाबा आघाडीवर होते, त्यामुळे तो जन्मल्यापासून त्याच्या दुपट्यांपासून अंघोळीपर्यंत वासिलिनाचा हात प्रत्येक कामाला लागला होता. आई दमलेली दिसत होती.

"आजही दूध घेतलं नाही गं यानं. नुसता झोपतोय. थोडं प्यायला ते ओकला." आईची नजर खिडकीवर गेली. "वरची झडप कुणी उघडली? यारेमा! तरीच म्हटलं! डिसेंबरात घरात फटीतला वारा घेताय, मग डोकी दुखणार नाहीत तर काय होणार? बाळालाही तोच बाधलाय!"

"काकू, मला गरम होतंय, बकरी आहे ना मी!"

"बकरीला म्हणावं, अंगणात जा!"

आईनं झडप लावून घेतली आणि फटीत चिंधी कोंबली. फटीतला वारा! त्या गावात मान आखडली तरी तोच कारण, कान दुखला तरी तोच, आणि परीक्षेत नापास झालं तरी बहुधा तोच!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं यारेमाच्या ओसरीवर बसली होती.

"मला सांग," वासिलिनानं यारेमाला विचारलं, "काल तुझं डोकं दुखलं?"

"नाही बुवा."

"परवा?"

"नाही. माझं डोकं कधीच दुखत नाही."

"रिकाम्या डब्यात दुखणार काय?" उस्तिम म्हणाला.

"गप रे! नीट विचार कर. वारा सगळ्यात जास्त कोण खातं? हाच! सारखा झडपेपाशी, नाहीतर अंगणात. मग याचंच डोकं का दुखत नाही? आणि आपली दुखतात कधी? फक्त जनरेटरवर दिवे चालू असताना!"

उस्तिमची चेष्टा एकदम थांबली. "शाळेत अग्निशमन दलाचे लोक आले होते. म्हणाले, जनरेटरच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते... आणि माणूस झोपेतच जातो."

"झोप येते," वासिलिना पुटपुटली. मार्को नुसता झोपत होता!

"पण जनरेटर तर खोपटात आहे," यारेमा म्हणाला. "एवढ्या लांबून वायू कसा येईल?"

"चला, बघूया!"

अर्ध्या वाटेवरच वासिलिना थबकली. रात्री बर्फ पडलं नव्हतं, तरी खोपटापर्यंतचं बर्फ दह्याच्या कवडीसारखं अखंड होतं. त्यावर एकही पाऊल नव्हतं!

"काल संध्याकाळी जनरेटर चालू झाला," ती हळूच म्हणाली. "मग तो चालू करायला गेलं कोण? उडत गेलं?"

उस्तिमनं पुढे जाऊन खोपटाच्या फळीला डोळा लावला. "लाकडं. मोडकी घसरगाडी. अजून लाकडं. वासिलिना, खोपट रिकामं आहे!"

आता शोध लागायला वेळ लागला नाही. जिन्याखालच्या विजेच्या पेटीतून एक नवी कोरी काळी वायर निघाली होती. ती भिंतीच्या कडेकडेनं सरपटत तळघराच्या दारात शिरत होती. दाराला नवं कुलूप! या तळघरात सगळ्या बिऱ्हाडांच्या लोणच्याच्या बरण्या असायच्या. पण हल्ली ओनुफ्रीकाका म्हणत, "चोर फार झालेत. किल्ली माझ्याकडे राहू दे. काकड्या हव्यात? मी आणून देतो!" आणि हे तळघर होतं बरोबर वासिलिनाच्या स्वयंपाकघराच्या आणि मार्कोच्या पाळण्याच्या खाली.

तिघं थेट ओनुफ्रीकाकांच्या दारात गेली.

"काका, जनरेटर तळघरात ठेवलाय ना?"

काकांचा चेहरा लालबुंद झाला. "हळू बोल! सगळ्या गल्लीला ऐकवतेस का? पलीकडच्या गल्लीतून परवाच एक चोरीला गेला, ठाऊक आहे? तळघर, कसलं तळघर! आणि समजा असलाच तिथे, तर धुराला पत्र्याचा पाइप लावून तो झरोक्यातून बाहेर काढलेला असणारच ना! मला काय अक्कल नाही?"

"पण काका, पुस्तिकेत तुम्हीच वाचलं होतं..."

"पुस्तिका बिनडोक लोकांसाठी असते!" आणि दार लागलं.

"म्हणजे आपण बिनडोक," यारेमा म्हणाला.

मुलं घराला वळसा घालून मागच्या झरोक्यापाशी गेली. पण झरोका दिसेचना! छपरावरून घसरलेल्या बर्फाचा ढीग भिंतीला टेकला होता आणि झरोका त्याखाली पार गाडला गेला होता. पत्र्याच्या पाइपाला तोंड उघडायला जागाच नव्हती.

वासिलिनानं आईला सगळं सांगितलं. आईनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ओनुफ्रीकाका ढांगांनी मोजून जागा ठरवणारे! ते असं करतील? तुमच्या डोक्यात काय काय येतं! उद्या नाताळची संध्याकाळ आहे. सण झाला की मार्कोला डॉक्टरांकडे नेऊ. आणि ती झडप उघडू नकोस!"

"आता काय करायचं?" उस्तिमनं विचारलं. "मोठ्या माणसांना ऐकू येत नाही."

"गाणं ऐकू येतं," वासिलिना म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. "गाणारी मुलं अंगणात आली की घरातल्या प्रत्येकानं बाहेर यायचंच असतं. जो दाराआड राहील त्याचं सगळं वर्ष वाईट जातं! पारास्का आजी तर पाय मोडला होता तेव्हाही खुर्चीतून आल्या होत्या. उद्या वीज सहाला जाणार. आपण पाचलाच सगळ्यांना अंगणात काढायचं आणि सगळ्यांसमोर काकांकडून कबूल करून घ्यायचं!"

बेत झकास होता. वेळापत्रकानं मात्र दगा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली होती. उस्तिम आणि यारेमा शिंगं चिकटवायला यारेमाच्या घरी होते. वासिलिना तारा घेऊन त्यांच्याकडेच निघाली होती, तोच दिवे गेले. ठरल्यापेक्षा कितीतरी आधी! आणि लगेच लागलेही. वासिलिनाच्या तळव्यांखाली फरशी गुरगुरायला लागली.

तिनं धावत जाऊन आतली खोली गाठली. आई पाळण्याशेजारी खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगत होती. "आई! ऊठ! मार्कोला बाहेर काढायचंय!"

"थोडी डुलकी घेऊ दे गं. दिवसभर स्वयंपाक..."

वासिलिनानं वाद घातला नाही. तिनं मार्कोला दुलईसकट उचललं, वरून स्वतःची शाल गुंडाळली, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली आणि दाराकडे धाव घेतली.

आईची झोप खाडकन उडाली. "वासिलिना! वेडी झालीस? वारा लागेल त्याला! आण त्याला इकडे!" आई तिच्यामागे अनवाणी धावली. वासिलिनाला नेमकं तेच हवं होतं!

अंगणाच्या मध्यावर येऊन वासिलिना थांबली आणि जीव खाऊन ओरडली, "उस्तिम! यारेमा! आत्ता! गायला लागा, आत्ता!"

दोघं धावत आले. यारेमाचं एक शिंग हातातच होतं. काय झालंय हे विचारायची गरज पडली नाही. उस्तिमनं खिशातून फोन काढून अग्निशमन दलाला लावला आणि यारेमानं जी तान मारली, ती ऐकून गल्लीतली सगळी कुत्री जागी झाली. वासिलिनानंही मार्कोला छातीशी घट्ट धरून सूर लावला.

वरची खिडकी उघडली. "आली का पोरं? एवढ्या लवकर? अरे थांबा, आले मी!" पारास्का आजी काठी टेकत उतरू लागल्या. शेजारच्या बिऱ्हाडातले नवरा-बायको आले. आई मार्कोवरची शाल सारखी करत, रागानं लाल होऊन उभी होती, पण गाणं चालू असताना ओरडणार कशी? सगळ्यात शेवटी ओनुफ्रीकाका आले, कोटाची बटणं लावत, हातात सफरचंदांची पिशवी घेऊन.

वासिलिनानं माणसं मोजली. सगळे आले होते. आत कुणीच उरलं नव्हतं.

"मर!" ती यारेमाला म्हणाली. यारेमा आयुष्यात पहिल्यांदा एका सांगण्यात मेला.

उस्तिम डॉक्टर पुढे झाला. "मंडळी, ही बकरी कशानं मेली? आधी हिचं डोकं ठणकलं. मग मळमळलं. मग नुसती झोप, झोप, झोप! या घरात आणखी कुणाला असं होतंय?"

"मला होतंय की!" पारास्का आजी हसत म्हणाल्या. "पण ते फटीतल्या वाऱ्यानं!"

"आम्हालाही," शेजारचे म्हणाले. "आत्ताही डोकं जड होतं."

"होतं? आणि आता?" वासिलिनानं विचारलं. "सगळे खुल्या वाऱ्यात उभे आहात. आता डोकं कसंय, आजी?"

आजी बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "अगोबाई! हलकं झालंय!"

"वारा दुखणं आणतो, तर वाऱ्यात येऊन बरं कसं वाटतं?" वासिलिना म्हणाली. "दुखण्याचं मूळ तळघरात आहे, काकड्यांच्या बरण्यांशेजारी. काका, तुम्ही सांगता की मी सांगू?"

सगळ्यांच्या माना ओनुफ्रीकाकांकडे वळल्या. काकांच्या हातातली पिशवी सुटली आणि सफरचंदं बर्फात घरंगळली.

"मी... पाइप लावलाय... झरोक्यातून..."

"तो झरोका छपरावरच्या बर्फाखाली गाडला गेलाय!" यारेमा मेल्या मेल्या ओरडला.

काकांनी भिंतीकडे पाहिलं. मग वासिलिनाच्या हातातल्या गाठोड्याकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "देवा! बंद करतो, आत्ता खाली जाऊन बंद करतो!" आणि ते तळघराकडे धावले.

"नको!" तिन्ही मुलं एकदम ओरडली. उस्तिमनं त्यांच्या कोटाचं टोक धरलं आणि बकरीनं पायाला मिठी मारली. "खाली गेलात तर तुम्हीच पडाल! वीज गेली की लगेच दिवे लागतात, काका. तुम्ही खाली न जाताच चालू करता ना?" वासिलिनानं विचारलं.

काकांनी खिशातून एक छोटा रिमोट काढला आणि बटण दाबलं. घरातले दिवे विझले. गुरगुर थांबली.

त्या शांततेत आईनं मार्कोला वासिलिनाच्या हातातून घेतलं. "मार्को? मार्को, बाळा?" मार्कोनं डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले. आईनं वासिलिनाकडे पाहिलं. मग तिचा हात घट्ट धरून ठेवला.

लाल गाडी आली, पाठोपाठ रुग्णवाहिका आली. डॉक्टरीणबाई आईला आणि मार्कोला प्राणवायू द्यायला रुग्णवाहिकेत घेऊन गेल्या आणि दार बंद झालं. अग्निशमन दलाच्या प्रमुख झोर्यानाबाई मुखवटा चढवून हातात मोजणी यंत्र घेऊन घरात शिरल्या. जिन्यापाशीच ते यंत्र असं किंचाळायला लागलं की पारास्का आजींनी कान झाकले. दोन जवानांनी तळघर उघडलं, झरोका मोकळा केला, घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

झोर्यानाबाई बाहेर आल्या, मुखवटा काढला आणि ओनुफ्रीकाकांसमोर उभ्या राहिल्या. "पाइपाच्या प्रत्येक सांध्यातून गळती आहे. झरोका मोकळा असता तरी तळघर ही जनरेटरची जागा नव्हे. आणि तुम्ही सगळ्यांनी फटीफटीत चिंध्या कोंबलेल्या! वायू वर यायला फरशीत भेगा आहेत, बाहेर जायला मात्र कुठेच वाट ठेवली नाही तुम्ही."

"माझंच चुकलं," ओनुफ्रीकाका म्हणाले. त्यांची मिशी खाली लोंबत होती. "चोराच्या भीतीनं मी घरातच मरण आणून ठेवलं. या पोरांनी सांगितलं, तर त्यांच्या तोंडावर दार लावलं. उद्या सकाळी जनरेटर खोपटात जाईल, साखळीनं जमिनीला बांधून ठेवीन. कितीही गरजू दे मेला! आणि प्रत्येक बिऱ्हाडात वायू ओळखणारी घंटा बसवून देतो."

"ते उद्या," झोर्यानाबाई म्हणाल्या आणि मुलांकडे वळल्या. "सगळ्यांना बाहेर कुणी काढलं?"

यारेमानं वासिलिनाकडे शिंग रोखलं.

"अशा वेळी चांगली धडधाकट माणसं घाबरून तळघरात धावतात आणि तिथेच कोसळतात. तुम्ही खाली धावला नाहीत, दुसऱ्यालाही धावू दिलं नाहीत. गाणं म्हणून अख्खं घर रिकामं केलंत!" त्यांनी टाचा जुळवून मुलांना कडक सलाम ठोकला. "माझ्या जवानांना सांगणार आहे मी हे."

"जवानांमध्ये बकरीला जागा आहे का?" यारेमानं विचारलं. सगळे हसले. ओनुफ्रीकाकासुद्धा हसले. पारास्का आजींनी तिघांचे पटापट मुके घेतले, आणि उस्तिमनं ते कुणी पाहिलं नाही ना, याची खात्री केली.

वासिलिना मात्र हसली नाही. ती रुग्णवाहिकेच्या बंद दाराकडे बघत होती. आत दिवा होता. काचेवर आईची सावली हलत होती, पण आवाज येत नव्हता. डोंगरावर पहिली चांदणी उगवली, म्हणजे नाताळच्या जेवणाला बसायची वेळ झाली, तरी जेवायची आठवण कुणाला झाली नाही. टोप्या हातात घेऊन सगळे त्या दाराशी उभे राहिले.

आणि मग आतून आवाज आला! आधी कुरकुर, मग खणखणीत भोकाड. असं भोकाड, की गाडीच्या काचा थरथरल्या!

दार उघडून डॉक्टरीणबाईंनी डोकं बाहेर काढलं. "तपासणीसाठी रुग्णालयात नेतेय, पण घाबरू नका. पैलवानाला भूक लागलीय. दूध असं पितोय की दम घ्यायला तयार नाही!"

अंगणात एकच गलका उठला. ओनुफ्रीकाकांनी यारेमाला शिंगांसकट उचललं. आणि इतका वेळ एकदाही न डगमगलेली वासिलिना अचानक हुंदके देऊन रडायला लागली.

"आता काय झालं?" उस्तिम गोंधळून म्हणाला. "आता तर सगळं ठीक झालं ना?"

"म्हणूनच!" वासिलिना बाहीनं नाक पुसत म्हणाली. "गप रे! मला रडू दे की!"